सात दिवसांचे मौन

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका घरचा एकुलता एक तरुण मुलगा अपघातात गेला. दफनविधीनंतर सांत्वनाला गेलेल्या मंडळींत मीही होतो. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी त्या माउलीला म्हणालो, "जो देवाला आवडतो, त्याला तो लवकर बोलावून घेतो." तिने मान वर केली आणि विचारले, "मग मास्तर, मला तो आवडत नव्हता का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. खाली मान घालून मी घरी परतलो आणि जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक उघडले.

ईयोब नीतिमान होता; तरी त्याची गुरेढोरे, मुलेबाळे, आरोग्य सारे हिरावले गेले. अलीफज, बिल्दद व सोफर हे त्याचे मित्र भेटीस आले. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्दही उच्चारला नाही. तेवढे दिवस त्यांची मैत्री सोळा आणे खरी होती. पुढे ते बोलू लागले. देव न्यायी आहे, तेव्हा दुःख भोगणाऱ्याने पाप केलेलेच असणार, असा त्यांचा हिशेब. ईयोबाने तो मानला नाही. त्याने आक्रोश केला, देवाला जाब विचारला. वावटळीतून देवाने त्यालाही त्याच्या अल्पज्ञानाची जाणीव दिली. परंतु कोप झाला तो देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर. आपल्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोबच, असा देवाने निवाडा दिला.

प्रभू येशूनेही हा हिशेब नाकारला. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेली १८ माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती, असे सांगून त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले. जन्मांधाला पाहून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा त्याने ना त्या अंधाला दोष दिला, ना त्याच्या आईवडिलांना. त्याने चिखल कालवला आणि त्याचे डोळे बरे केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली मानवी दुःखावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात शेवटाकडे ते दयाळू शोमरोन्यापाशी येऊन थांबतात. जखमी वाटसरूजवळ जो थांबतो, त्याच्या हातांतून देवाची दया पोहोचते.

मग विश्वासाने जगणे म्हणजे काय? नीतिमान विश्वासाने जगतो, हे हबक्कूक संदेष्ट्याला कळले ते अन्यायाबद्दल देवाकडे तक्रार करून, पहाऱ्यावर उभे राहून वाट पाहताना. संत पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना हेच वचन आधाराला घेतले. तेथील मूळ हिब्रू शब्दात निष्ठेचा, अढळपणे टिकून राहण्याचा अर्थ आहे. उत्तर मिळाले नाही तरी पहारा न सोडणारा माणूस विश्वासू होय.

आठवडाभराने मी पुन्हा त्या घरी गेलो. ओसरीवर बसून आम्ही जपमाळेची प्रार्थना केली. दुसरे काही बोललो नाही. निघताना ती माउली म्हणाली, "मास्तर, तुमच्यासाठीही एक रहस्य म्हटलं हो."

ईयोबाने आपल्या मित्रांसाठी प्रार्थना केली आणि देवाने त्याचे दिवस पालटले, असे शास्त्र सांगते. त्या दिवशी दया करणारी ती होती, आणि ती दया घेऊन परतणारा मी.