टोळीनं गेलेले आणि एकट्यानं गेलेले

दसरा झाला की धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंब, परंडा तालुक्यांतल्या गावांतून ट्रॅक्टर भरायला लागतात. पत्रे, बांबू, भांडी, पाण्याची टाकी, शेळ्या, लेकरं आणि या सगळ्यावर बसलेली मोठी माणसं. मुकादमानं उचल आधीच दिलेली असते. ती फेडायची तर पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या नाहीतर थेट बेळगाव, बागलकोटकडच्या उसाच्या फडात काढायचे. दिवाळीची सुट्टी संपली की त्याच गावांतून दुसरी माणसं निघतात. पाठीवर बॅग, पिशवीत आईनं बांधून दिलेली चटणी, रात्रीची ट्रॅव्हल्स आणि पहाटे पुणं. कुणी चाकणच्या कंपनीत, कुणी हिंजवडीत, कुणी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत. कधीकधी ही दोन्ही माणसं एकाच घरातली असतात. थोरला ऊस तोडायला, धाकटा शिकायला.

दहा-पंधरा हंगाम बाहेर काढलेला थोरला गावी आला की आजही "काय करायलास?" असंच विचारतो. धाकटा मात्र पहिलं वर्ष संपायच्या आत "काय करतोयस?" वर आलेला असतो. "मी यायलाव" जाऊन "मी येतोय" होतं, "गेल्तो" जाऊन "गेलो होतो" होतं. गाव म्हणतं, पोरगं शिकलं, सुधारलं. शहरातला भाषाप्रेमी म्हणतो, बोली मरायला लागली. दोघांनाही वाटतं की हा फरक शिक्षणानं पडला. मला ते पटत नाही. दोघांपैकी जास्त लांब जातो तो थोरला. अनोळखी मुलुखात, कधी अनोळखी भाषेतही. तरी त्याची बोली टिकते. त्याचं कारण तो कसा गेला यात आहे.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे दहा-पंधरा कोयते मिळून टोळी. त्यातले बरेचसे एकमेकांचे भाऊबंद, साडू, मेहुणे. कारखान्यानं दिलेल्या मोकळ्या जागेवर कोपी, म्हणजे झोपड्या, ओळीनं पडतात आणि गावातली गल्ली जशीच्या तशी तिथं उभी राहते. पहाटे अंधारात फडात जायचं. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. पाचट पायाखाली, वाढं बाजूला काढून विकायला. दिवसभर जे बोलणं होतं ते आपल्याच माणसांशी. बाहेरचा माणूस भेटतो तो मोजक्या जागी: फडात पावती फाडणारा चिटबॉय, शेतमालक, किराणा दुकानदार. त्यांच्याशी बोलायला मुकादम असतो. कर्नाटकातल्या कारखान्यावर कानडीत निभावून न्यायचं कामही बहुधा त्याचंच. त्याच्याखालोखाल कानडी येते ती लेकरांना. दुकानात साबण-तेल आणायला मोठी माणसं आठ-नऊ वर्षांच्या पोरीला पुढं घालतात, कारण भाव तिला कळतो. थोरल्याला बोली बदलायची गरजच पडत नाही. तो परगावी गेलेला असतो खरा, पण परक्यांत गेलेला नसतो.

बोली अशी टिकली म्हणून कौतुक करायचा मोह होतो. पण ही टोळी एकत्र आहे ती उचलीमुळे. कर्ज एका कोयत्याचं, जबाबदारी मुकादमाची, म्हणून कुणी सुटून जाऊ शकत नाही. गाळपाचा हंगाम आणि शाळेचं वर्ष एकमेकांवर येतात, त्यामुळं दुकानात कानडी बोलणारी ती हुशार पोर वर्गात मागं पडते. कारखान्यावर साखरशाळा निघाल्या, गावात मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. त्यांनी काही मुलं वाचवली. बाकीची अजून फडाच्या कडेला आहेत. टोळीची बोली शाबूत राहिली, कारण टोळीसाठी बाहेरच्या जगाचा दरवाजा उघडलाच नाही. याला कुणी अस्मिता म्हणत असेल तर त्यानं एक हंगाम कोपीत काढून बघावा.

धाकट्याचं उलटं आहे. त्याच्यासाठी दरवाजा उघडला, पण आत तो एकटा आहे. खोलीतला एक जोडीदार जळगावचा, दुसरा सांगलीचा. मेसमध्ये त्यानं "पानी" मागितलं की कुणीतरी हसतं. त्या हसण्यात फारसा द्वेष नसतो, म्हणूनच त्याविरुद्ध काही बोलताही येत नाही. बोली सोड असं त्याला कुणी सांगत नाही. पण घरमालक, क्लासचे सर, मुलाखत घेणारा, टीम लीड अशी समोरची सगळी माणसं अशी असतात की आपली पुढची भाकरी त्यांच्या हातात. अशा माणसापुढं जीभ आपोआप सावध होते. आधी ती "ण" शोधते, मग क्रियापदं बदलते, मग सूर. शेवटी आईचा फोन आला की मुलगा खोलीबाहेर जाऊन बोलायला लागतो. पुण्यात टिकायचं म्हणून त्यानं दिलेली ही किंमत आहे. ती का मोजलीस, असं विचारायचा हक्क बसल्या जागी भाकरी मिळालेल्यांना नाही.

नुसतं गाव सांगायचं म्हटलं तरी त्याला हिशेब करावा लागतो. उस्मानाबाद म्हणावं तर 2023 मध्ये नाव बदललं. धाराशिव म्हणावं तर समोरचा विचारतो, "म्हणजे नक्की कुठं?" मग, "तुळजापूर माहितीये ना? तिथलं." समोरच्याला तोपर्यंत लातूर आठवलेलं असतं. फडात थोरल्यालाही हाच अनुभव: तिथं मराठवाड्यातून आलेला कुणीही "बीडकडचा". आपण कोण हे घरी असताना सांगावं लागत नाही. बाहेर पडलं की ते दुसरे ठरवतात, आणि बहुतेक वेळा चुकीचं ठरवतात. मग माणूस एक तर त्यांचं चुकीचं उत्तर गुपचूप मान्य करतो किंवा ओळखू येणार नाही असं बोलायला शिकतो.

ज्या मराठीपुढं धाकटा सावध होतो ती "शुद्ध" कशी ठरली? मोल्सवर्थचा कोश 1831 चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं. क्रमिक पुस्तकं, छापखाने, वर्तमानपत्रं, हे सगळं घडलं मुंबई इलाख्यात. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या वर्गाची मराठी तेव्हा सर्वांची मराठी म्हणून छापली गेली. आमचा जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. पुढं इथं कचेरीत उर्दू, वरच्या इयत्ता उर्दूत आणि 1918 मध्ये हैदराबादला निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मराठीचे नियम ठरत होते तेव्हा त्या बैठकीला आम्ही नव्हतोच. आम्हाला नंतर फक्त निकाल कळवला गेला.

त्या काळात इथल्या हुशार मुलाला बढती हवी असेल तर उर्दू सफाईनं यावी लागे. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा याच वातावरणात चालली. तिथं शिकवायला आलेले स्वामी रामानंद तीर्थ हे विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे, कानडी मुलखात जन्मलेले. मराठवाड्याच्या मुक्तीचा सर्वांत मोठा नेता जन्मानं या भूमीचा नव्हता, ही गोष्ट आज अस्मितेच्या सभांमधून सहसा सांगितली जात नाही. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान गेलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि एका आयुष्यातच प्रतिष्ठेची भाषा बदलली. उर्दूत शिकलेली माणसं जागची हलली नव्हती, तरी आपल्याच तहसीलमध्ये अडाणी ठरली. हेही एक स्थलांतरच म्हणायचं. फक्त इथं घर सोडून सरकार गेलं. त्याचे परिणाम अजून संपलेले नाहीत. कुणबी नोंदी शोधायला 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली तेव्हा निजामकाळातली उर्दू आणि मोडीतली कागदपत्रं वाचणारी माणसं शोधावी लागली. आजोबांची ओळख ज्या अक्षरांत लिहिली आहे ती नातवाला वाचता येत नाहीत आणि त्या ओळखीवरच नातवाचा जातीचा दाखला अवलंबून आहे.

एवढी उलथापालथ पाहिलेल्या जिल्ह्याला तरी कळायला हवं की कुठलीच भाषा मुळात शुद्ध किंवा अशुद्ध नसते. खुर्चीवर जो बसतो त्याची भाषा शुद्ध होते.

स्थलांतर म्हटलं की आपल्याला फड आणि पुणं दिसतं, पण सर्वांत मोठं स्थलांतर आपण मोजतच नाही. जनगणनेत गाव सोडण्याचं सर्वांत मोठं कारण लग्न हे आहे, आणि त्या कारणानं गाव सोडणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. उमरग्याच्या कितीतरी घरांत सून आळंदहून, बसवकल्याणहून, अक्कलकोटहून येते. माहेरी कानडी, सासरी मराठी. ती एकटी येते, आणि तिची भाकरी ज्यांच्या हाती त्यांच्यापुढं बोलते. म्हणजे धाकट्याला पुण्यात जे होतं तेच तिला, फक्त सुट्टीशिवाय. पहिल्या वर्षी तिच्या बोलण्यातल्या लिंगाच्या चुकांना दीर-नणंदा हसतात. चार वर्षांनी ती बिनचूक मराठी बोलते आणि तिची पोरं मराठीच बोलतात. जिथं एकाच भागातल्या दोन-तीन जावा असतात तिथं मात्र स्वयंपाकघरात कानडी तग धरते. टोळीचा नियम इथंही लागू पडतो. मुलाच्या फॉर्मवर आपण मातृभाषा लिहितो तेव्हा त्या घरातल्या आईनं आधी स्वतःची भाषा सोडलेली असू शकते.

हा नियम आपल्यापुरता नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज तमिळ वाचतात-लिहितात, पण घरात त्यांची वेगळ्या वळणाची मराठी साडेतीनशे वर्षं टिकली, कारण समाज म्हणून ती एकत्र राहिली. सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केला. तिथं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून मराठी, कानडी आणि उर्दूची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत जावं. तरी घरची भाषा कुणी सोडली नव्हती. आपण कोणाचे हे सांगायला तेवढी खूण पुरत होती. भाषा मिसळल्यानं मरत नाही. बोलणाऱ्याला एकटं पाडलं की मरते.

आता म्हणतात की मराठवाडी बोलीला बरे दिवस आले. मोबाइलवर आपल्या बोलीतल्या रील धडाधड चालतात, पुण्यातली पोरं त्या एकमेकांना पाठवतात. कळंब तालुक्यातल्या भास्कर चंदनशिवांची "लाल चिखल" ही कथा पाठ्यपुस्तकातून अनेकांनी वाचली आहे. आनंद आहेच. पण नीट बघितलं तर बोलीला आपण दोनच जागा दिल्या आहेत: हसायची आणि रडायची. विनोदाला चालते, दुष्काळाच्या गोष्टीला चालते. बँकेतल्या अर्जाला, कोर्टातल्या युक्तिवादाला, विज्ञानाच्या तासाला चालत नाही. हा लेखही मी पुण्याच्या वळणाच्या मराठीतच लिहितोय, कारण "करायलाव"मध्ये लिहिला असता तर तो विनोदी लेख समजला गेला असता.

प्रमाणभाषा नको असं माझं म्हणणं नाही. परंड्याच्या माणसाचा अर्ज गडचिरोलीच्या साहेबाला कळायला काहीतरी समान लागतंच, आणि धाकट्याला ती भाषा आली हे चांगलंच झालं. मुद्दा एवढाच की ती मिळवताना घरची टाकून द्यावी लागू नये. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथं पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असं म्हटलंय. आपल्याकडं घरची भाषा म्हणजे पुस्तकातली मराठी असं धरून तो विषय मिटवला जातो. फडावरून आलेल्या मुलीनं पहिलीच्या वर्गात "बाई, मी करायलाव" म्हटलं तर बाईंनी आधी तिचं गणित तपासावं, वाक्य नंतर. मुलाखत घेणाऱ्यानं उत्तराला गुण द्यावेत, "ण"ला नाही.

आज आमच्या जिल्ह्यात माणसापुढं दोनच वाटा आहेत: टोळीत राहून बोली राखायची आणि गरीब राहायचं, नाहीतर एकट्यानं वर चढायचं आणि बोली खाली ठेवायची. बोलीचे कोश करणारे, संमेलनं भरवणारे, रील बनवणारे सगळे आपापल्या परीनं काम करतातच. पण बोली वाचली की नाही याची कसोटी त्यांच्याकडं नाही. थोरल्याची पोर शिकून साहेब होईल आणि तरी तिला खुर्चीवर बसून "काय करायलास?" असं विचारता येईल, समोरच्याला त्यात गमतीचं काही वाटणार नाही, तेव्हा ती वाचली असं म्हणायचं.