उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना

हावडा आपल्याला ठाऊक असतो तो गाडीच्या पाटीवर. नागपूरच्या फलाटावर मुंबई-हावडा मेल लागली की चढणारे चढतात, उतरणारे उतरतात. पुढे कुठेतरी हुगळीकाठी ही गाडी थांबते, एवढाच बहुतेकांचा त्या गावाशी संबंध. हावडा स्टेशनातून नदीच्या कडेने दक्षिणेला गेले की शिवपूर लागते. तिथल्या वनस्पती उद्यानातला अवाढव्य वड पाहायला लोक जातात. उद्यानाच्या शेजारी 1820 मध्ये बिशप मिडलटन यांनी बिशप्स कॉलेज काढले. त्या कॉलेजात 1852 पासून 1868 पर्यंत एक बंगाली ब्राह्मण शिकवत होता. त्याचे नाव रेव्हरंड कृष्णमोहन बंदोपाध्याय.

ब्राह्मण आणि रेव्हरंड हे शब्द एकाशेजारी आले की आपल्याला रेव्हरंड टिळक आठवतात. पण टिळकांचा जन्म 1861 चा, कृष्णमोहनांचा 1813 चा. म्हणजे हे आपल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या पिढीतले.

ते बाटले म्हणून घरच्यांनी त्यांना बाहेर काढले, असाच कुणाचाही समज होईल. घडले उलटे. ते कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकले होते आणि डेरोझिओ या तरुण मास्तरांच्या नादी लागलेल्या पोरांपैकी एक होते. ऑगस्ट 1831 मधल्या एका दिवशी ते घरी नसताना मित्रमंडळी त्यांच्याकडे जमली. मांस आणले, खाल्ले आणि उरलेली हाडके शेजारच्या ब्राह्मणाच्या अंगणात भिरकावून ‘गोमांस, गोमांस’ म्हणून ओरडली. शेजारी धावून आले. कृष्णमोहन परतले तेव्हा दारात सगळा मोहल्ला उभा. घरच्यांनी एकच अट घातली : या मित्रांना आणि या मतांना सोड. अठरा वर्षांच्या पोराने ती मानली नाही आणि रातोरात घर सोडले. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर चौदा महिन्यांनी, ऑक्टोबर 1832 मध्ये, अलेक्झांडर डफ यांच्या हातून.

थट्टा मित्रांची, आणि घर गेले याचे. ती थट्टाही हलकट होती, हे सांगून टाकतो. दुसऱ्याच्या अंगणात हाड टाकून कुणी सुधारक होत नाही. पण कृष्णमोहनांनी त्याच वर्षी ‘द परसिक्यूटेड’ नावाचे इंग्रजी नाटक लिहिले, त्यात निषिद्ध अन्न खाल्लेला मुलगा आहे तसा त्याच्यासाठी तळमळणारा बापही आहे. स्वतः बेघर झालेल्या लेखकाला बापाची बाजू दिसली, हे मला त्या नाटकाच्या गुणदोषांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

आणि बायको? विंध्यवासिनी माहेरी राहिली. काही वर्षांनी ती नवऱ्याकडे आली, ख्रिस्ती झाली, संसार झाला, मुली झाल्या. मधल्या काळात तिच्यावर काय गुदरले असेल? आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा मागे राहिलेल्या लक्ष्मीबाई पाच वर्षे वेगळ्या राहिल्या, मग त्यांनीही तोच रस्ता धरला. पण त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यामुळे तत्त्वासाठी घर सोडणाऱ्याच्या मागे चुलीपाशी काय उरते, हे मराठी वाचकाला कळले. विंध्यवासिनीबाईंची स्मृतिचित्रे नाहीत. नवऱ्याचे चरित्र तेवढे उरले.

ते चरित्र मोठेच आहे. कलकत्त्यातल्या क्राइस्ट चर्चचे ते पाळक झाले. ‘विद्याकल्पद्रुम’ हा इंग्रजी-बंगाली ज्ञानकोश 1846 ते 1851 या काळात तेरा भागांत काढला. मुलींच्या शिक्षणावर 1841 मध्ये निबंध लिहिला, आणि पुढे त्यांचीच मुलगी मनोमोहिनी शाळातपासनीस झाली. निबंध लिहिणारे पुष्कळ असतात. आपल्याच घरात तो खरा करणारे किती, हे ज्याने त्याने मोजावे. पुढे सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या इंडियन असोसिएशनचे अध्यक्षपदही या पाळकाने सांभाळले.

1878 मध्ये पंडिता रमाबाई भावाबरोबर कलकत्त्याला गेल्या. तिथे ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याला त्यांना बोलावणे आले. तिथे कृष्णमोहनही होते. उच्चवर्णीय म्हणून जन्मलेली माणसे साहेबांबरोबर बसून चहा-बिस्किटे खाताहेत, हे पाहून या बहीण-भावाला कलियुग पुरते अवतरल्यासारखे वाटले. मग सगळे गुडघे टेकून, खुर्च्यांकडे तोंड करून प्रार्थना करू लागले, तेव्हा ही माणसे खुर्च्यांनाच पुजतात असा त्यांचा समज झाला. रमाबाईंनी हे पुढे स्वतःच लिहिले आहे. तोवर त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या.

आता अवघड जागेकडे येतो. 1851 मध्ये ज्ञानेंद्रमोहन टागोर या तरुणाला कृष्णमोहनांनी बाप्तिस्मा दिला आणि आपली मुलगी कमलमणी त्याला दिली. ज्ञानेंद्रमोहन हे पुढे पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. पण ते प्रसन्नकुमार टागोर या बड्या धनिकाचे एकुलते एक पुत्र होते. बापाने मृत्युपत्रात मुलाला काही ठेवले नाही. मग टागोर विरुद्ध टागोर हा खटला उभा राहिला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1872 मध्ये निकाल लागला. कायद्याची मुले तो आजही पाठ करतात. अजून जन्माला न आलेल्याला दान देता येते का, असा त्यातला प्रश्न त्यांना शिकवतात. जन्माला आलेल्या पोटच्या पोराला टाकता येते का, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

एका घरातून बाहेर पडावे लागलेला मुलगा वीस वर्षांनी दुसऱ्याच्या घरातला मुलगा निघतो तेव्हा उंबऱ्याच्या पलीकडे उभा होता. ज्ञानेंद्रमोहन पंचविशीचे होते, शिकलेले होते. त्यांचा निर्णय त्यांचा होता, यात शंका नाही. पण प्रसन्नकुमारांच्या नजरेतून पाहा. मुलगा गेला, आणि ज्याने नेला त्याच्याच घरी जावई झाला. याआधी आठ वर्षे मुंबईतही हेच झाले होते. नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये धर्म बदलला आणि त्यांच्या अजाण धाकट्या भावाचा, श्रीपादचा ताबा कुणाकडे, यावरून कोर्ट झाले. तो मूल होता, म्हणून कोर्टाने त्याला घरी पाठवले आणि बाळशास्त्रींनी त्याला जातीत परत घेण्यासाठी कंबर कसली. दोन्ही ठिकाणी सगळे आपापल्या जागी प्रामाणिक होते. मला छळते ते हेच.

कृष्णमोहन चुकले असे मी म्हणत नाही. मुलगा निघून जातो त्या रात्री घरात काय होते, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते, इतकेच म्हणतो. हे ठाऊक असून ते प्रसन्नकुमारांच्या दारी बोलायला गेले असते तर? बापाने कदाचित तोंडावर दार लावले असते. लावू दिले असते. आपल्या गल्लीतही मुलगी दुसऱ्या जातीत गेली की जिवंतपणी तिच्या नावाने आंघोळ करणारी घरे आहेत, आणि तिला हिंमत देणारी माणसेही. हिंमत देणाऱ्यांतला एखादा तिच्या आईकडे जाऊन बसतो का? माझ्या पाहण्यात एकच बाई आहे. ती तीन वर्षे दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जात होती आणि डबा तसाच परत यायचा. चौथ्या वर्षी रिकामा आला.

बिशप्स कॉलेज 1880 मध्ये नदीपलीकडे कलकत्त्यात गेले आणि शिवपूरच्या त्या आवारात सरकारने इंजिनीअरिंग कॉलेज आणले. कृष्णमोहन 11 मे 1885 रोजी कलकत्त्यात वारले. त्यांना मात्र नदी ओलांडून परत शिवपूरला आणले आणि कॉलेजच्या जुन्या दफनभूमीत पुरले.