टपाखालचा धूर

गाडी रात्रभर बंद राहू द्या. सकाळी ऊन चढायच्या आत तिच्यापाशी जा. आज कुठं जायचं नाही, म्हणून किल्ली खिशातच असू द्या. दार उघडा, चालकाच्या सीटवर बसा, दार लावून घ्या. पाठ टेका. हात मांडीवर.

आता नाकानं एक श्वास घ्या, सावकाश.

हा पहिला श्वास मोलाचा आहे. दुसरा तितकं सांगत नाही आणि दहावा काहीच सांगत नाही. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक सोडून देतं. काही मिनिटांतच मेंदू ठरवतो की हे नेहमीचं आहे, आणि वास असूनही जाणवेनासा होतो. ज्यानं तुम्हाला ही गाडी विकली, 'अहो, काही वास येत नाही' असं छातीठोकपणे सांगितलं, तो बहुधा खोटं बोलत नव्हता. त्याच्या नाकानं ती दखल केव्हाच सोडली होती. त्याच्याबद्दल मनात राग असेल तर उच्छ्वासाबरोबर इथंच सोडून द्या. पुढचं काम हलक्या हातानं करायचं आहे, रागानं हात जड होतो.

काय आलं नाकात? ताज्या सिगारेटच्या वासाला एक तिखट ऊब असते, ती यात नाही. हा वास शिळा आहे, ओल्या राखेचा, थोडा कडसर, घशाच्या मागं जाऊन बसणारा. त्यावर कदाचित लिंबाचा किंवा मोगऱ्याचा गोड वास असेल. गाडी दाखवायच्या दिवशी डॅशबोर्डवर परफ्यूमची डबी ठेवायची रीतच आहे. दोन्ही वास वेगळे ओळखा. चांगला-वाईट म्हणू नका, नुसते ओळखा. एक वर आहे, एक खाली.

दार उघडा. बाहेर या. थोडं चालून या, नाक मोकळं होऊ द्या. मग पुन्हा आत बसा, आणि या वेळी स्वतःला विचारा: हा वास आहे कुठं?

हवेत म्हणाल, तर गाडीतली हवा एका फेरीत बदलते. चारही काचा खाली करून हायवेवर थोडा वेळ गाडी चालवली की आत तीच हवा उरत नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वास हजर असतो. कारण तो वस्तूंवर आहे. सिगारेटच्या धुराचे कण बहुतेक 1 मायक्रॉनहूनही बारीक असतात, आणि त्या धुरात 7000 हून अधिक रसायनं असतात. त्यातलं निकोटिन आणि डांबरासारखा चिकट भाग काचेवर, प्लास्टिकवर, कापडाच्या धाग्यांवर, सीटच्या स्पंजमध्ये बसतो. बसतो आणि गाडी तापली की तिथून पुन्हा थोडा थोडा हवेत येतो. तुम्ही आत्ता हुंगलात तो वास कित्येक महिन्यांपूर्वी विझलेल्या सिगारेटचा असेल, पण वाफ आजची आहे. या सकाळी, या सीटमधून निघालेली.

एवढं समजलं की अर्ध्या उपायांचा मोह आपोआप गळून पडतो. कापराची पुडी, जेलची डबी, आरशाला लटकवलेलं कागदी झाड: यांपैकी कशानंही थर हलत नाही. मला तर हा प्रकार वासाहून वाईट वाटतो, कारण त्यामुळे आपलं नाक आपल्याला खरी बातमी द्यायचं थांबतं.

आणि बातमी हवी आहे. प्रश्न नुसत्या नकोशा वासाचा नाही. कॅलिफोर्नियात सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॉर्ज मॅट यांनी सहकाऱ्यांबरोबर विक्रीला काढलेल्या जुन्या गाड्या तपासल्या, तेव्हा सिगारेट ओढणाऱ्यांच्या गाड्यांमधल्या धुळीत आणि डॅशबोर्डवर निकोटिन साठलेलं आढळलं. 2010 साली लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी पुढचं दाखवलं: असं बसलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावतं आणि त्यातून नायट्रोसामाइन्स तयार होतात. ती कर्करोगाला कारण ठरणाऱ्या रसायनांच्या कुळातली. हे नायट्रस आम्ल गॅसच्या शेगडीतून येतं, तसंच गाड्यांच्या इंजिनातूनही. त्यांनी तपासलेल्या जागांमध्ये भरपूर सिगारेट ओढणाऱ्या एका माणसाच्या ट्रकची केबिनही होती, आणि तिथं ही रसायनं सापडली. म्हणजे थर नुसता पडून राहत नाही, त्याच्यात बदल होत राहतो.

आता मान मागं टाका आणि वर बघा.

गाडीचं छत आपण कधी बघत नाही. धूर गरम असतो, तो आधी वर जातो. चुलीवरच्या आढ्याला काजळी धरते तसा टपाखालच्या कापडी अस्तरात मुरतो. चालकाच्या डोक्यावरचा आणि त्याच्या उजव्या खिडकीजवळचा भाग मागच्या सीटवरच्या भागाशी ताडून बघा. रंगात फरक दिसतो का? थोडा पिवळा, थोडा मळकट? सनवायझर खाली ओढा आणि तो एरवी झाकून ठेवतो त्या जागेचा रंग बघा. बहुधा तोच अस्तराचा मूळ रंग.

इथं थोडा वेळ थांबा. या पिवळ्या डागाखाली कुणीतरी बसत होतं. गाडीत एकट्यानं सिगारेट ओढणारा माणूस बहुतेक वेळा वाट बघत असतो. सिग्नलची, टोलनाक्यावरच्या रांगेची, हॉस्पिटलखाली उभं राहून वरून येणाऱ्या फोनची. घरी ओढता येत नाही, ऑफिसात ओढता येत नाही. गाडी ही त्याची एकमेव खोली असते. त्याला तुम्ही ओळखत नाही. आरसी बुकावर त्याचं नाव होतं, आता तुमचं आहे, एवढाच संबंध. तरी त्याचे कित्येक तास या अस्तरात आहेत. ते तुम्ही हातानं पुसणार आहात. पुसताना त्याचं चांगलं चिंता.

काम काचेपासून सुरू करा. पुढच्या काचेची आतली बाजू. पांढरं सुती फडकं घ्या, दुसरं काही नको. रंगीत फडक्यावर काही दिसत नाही. पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर मिसळा. निकोटिन हे अल्कली स्वभावाचं आहे. सौम्य आम्ल लागलं की त्याचा क्षार होतो, तो पाण्यात सहज उतरतो आणि फडक्यावर येतो. व्हिनेगरचा वास स्वतःहून उडून जातो, त्याची काळजी नको. डावीकडून उजवीकडे एकच पट्टा पुसा. फडकं उलटून बघा.

तो तपकिरी रंग नीट बघा. याच काचेतून समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे रात्री पसरट दिसत होते, आणि तुम्हाला वाटलं असेल की डोळे तपासायला हवेत. दुसरा पट्टा. तिसरा. प्रत्येक पट्ट्याला फडक्याची नवी घडी. फडकं पांढरं राहीपर्यंत पुसत राहा. हात आपली लय पकडेल, श्वास हाताबरोबर चालू लागेल. या कामात मन गुंतवायला दुसरं काही लागत नाही.

मॅट, डिकी, सीटखालची राख आणि शेंगांची टरफलं ही वॅक्यूमची कामं, ती उरकून टाका. प्लास्टिकही काचेसारखंच, फक्त स्टिअरिंग आणि दाराच्या हँडलना जास्त वेळ द्या. बोटांवरून धूर तिथं रोज चढलेला असतो. टचस्क्रीनला व्हिनेगर लावू नका.

सीटबेल्ट मात्र घाई न करता. हा पट्टा सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. गुंडाळीतून तो पूर्ण बाहेर ओढा आणि परत जाऊ नये म्हणून चिमटा लावा. आता बघा, तुमच्या नाकापासून तो केवढ्या अंतरावर असतो. प्रवासभर छातीशी. दाट विणीचं हे कापड धूर पिऊन बसतं, आणि गाडी धुणारा त्याला हात लावत नाही. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, विणीच्या दिशेनं. मग स्वच्छ ओलं फडकं, मग कोरडं. पूर्ण वाळेपर्यंत चिमटा काढू नका. तीव्र रसायन या पट्ट्याला लावायचंच नाही. त्याची ताकद त्याच्या धाग्यात आहे आणि ती आपल्याला हवी आहे.

सीट धुताना पाणी कमी. वरचं कापड अर्ध्या दिवसात वाळतं, आतला स्पंज वाळत नाही. त्यात बुरशी धरली की धुराच्या जागी कुबट वास येतो. फेस लावावा, ब्रशनं घासावा, वॅक्यूमनं ओढून घ्यावा. पुढच्या सीटखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर तिथं पाणी जाऊ देऊ नका, त्या एअरबॅगच्या असतात.

छतासाठी हात आणखी हलका. अस्तर पातळ फोमवर गोंदानं चिकटवलेलं असतं. भिजवलं किंवा रगडलं तर ते सुटतं आणि लोंबायला लागतं. फडकं ओलं करून घट्ट पिळा, टेकवा, उचला. टेकवा, उचला. मान दुखेल. दुखली की खाली बसा, पाणी प्या, पुन्हा सुरू करा. हे एका दिवसात संपवायचं नाही.

शेवटी गाडीचं स्वतःचं नाक. डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागे, बहुतेक गाड्यांत, एसीचा फिल्टर असतो. काही जुन्या लहान गाड्यांत कंपनीनं तो बसवलेलाच नसतो, जागा फक्त असते. असेल तर बाहेर काढा आणि बघा. तो धुऊन परत बसवायचा मोह होईल. नको, नवा घ्या, कोळशाचा थर असलेला मिळाला तर तोच घ्या. त्याच्या पलीकडे एसीची थंड होणारी कॉइल असते. आतलीच हवा फिरवायचं बटण लावून कुणी वर्षानुवर्षं सिगारेट ओढली असेल, तर तो सगळा धूर त्या ओल्या कॉइलवरून गेलेला असतो. एसी सुरू केल्यावर पहिल्या क्षणी येणारा भपकारा तिथला. ती साफ करणं मेकॅनिकचं काम आहे, त्यावर खर्च करा. परफ्यूमवर जन्मभर होणाऱ्या खर्चापेक्षा हा बरा.

ओझोनची मशीन लावून देणारी दुकानं आता गावोगावी आहेत. माझं मत स्पष्ट सांगतो: पुसण्याऐवजी ओझोन, हे करू नका. ओझोननं थर निघत नाही. तो निकोटिनशी संयोग पावतो तेव्हा फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि दाराच्या रबराचं आयुष्यही घटतं. सगळी सफाई झाल्यावर काही उरलंच, तर जाणत्या माणसाकडून, गाडीत कुणी नसताना, आणि नंतर गाडी बराच वेळ उघडी ठेवून.

आता वाट बघायची.

वाट बघणं हाही सफाईचाच भाग आहे. स्पंजमध्ये जे खोल गेलंय त्यापर्यंत फडकं पोचत नाही. त्याला स्वतः वर यावं लागतं. त्यासाठी ऊन लागतं. एप्रिल-मेच्या दुपारी बंद गाडी उन्हात तापू द्या, मग चारही दारं उघडून द्या. पुन्हा बंद करा, पुन्हा उघडा. पावसाळ्यात हे जमत नाही, आणि दमट हवेत गेलेला वास परत आल्यासारखा वाटतो. तेव्हा निराश होऊ नका. सीटखाली सक्रिय कोळशाच्या पिशव्या ठेवा. या कोळशाच्या एका ग्रॅममधल्या बारीक छिद्रांचा पृष्ठभाग 500 चौरस मीटरहून जास्त भरतो, आणि वासाचे रेणू तिथं अडकून राहतात. चुलीतला कोळसा इतकं काम करत नाही.

काही आठवड्यांनी पुन्हा सकाळी या. दार उघडा, आत बसा, एक श्वास. पण या वेळी स्वतःच्या नाकावर निर्णय सोपवू नका, त्याला या गाडीची सवय झाली आहे. घरातल्या कुणाला तरी बोलवा, सिगारेट न ओढणाऱ्या. काही न सांगता आत बसवा आणि फक्त चेहरा बघा. नाक मुरडलं, तर कुठं ते विचारा. मागच्या सीटवर? पट्ट्याशी? तिथं परत फडकं घ्या.

लहान मूल असेल तर त्याला सगळं संपेपर्यंत या गाडीत बसवू नका. मूल सीटचं कापड चोखतं, हात काचेला लावून तोंडात घालतं, आणि वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2015 पासून, 18 वर्षांखालचं कुणी गाडीत असताना सिगारेट ओढणं हा गुन्हा आहे. स्वतःच्या गाडीत आपण हा नियम कायद्याची वाट न बघता आजपासून लावू शकतो.

तुम्ही स्वतः सिगारेट ओढत असाल, तर एवढंच मागणं आहे: गाडी बाजूला घ्या, उतरा, दार लावा, मग पेटवा. आणि कधी तुमची गाडी विकायला काढलीत, तर घेणाऱ्याला कागदावर सही करायच्या आधी सांगा की या गाडीत सिगारेट ओढली गेली आहे.