लूमच्या खडखडाटातला विनोद

भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात शिरलं की लगेच कळतं, इथे बोलून उपयोग नाही. धोटा आपटतोय, पत्रे थरथरताहेत. शेजारच्या लूमवरच्या माणसाला काही सांगायचं तर भुवईने, हाताने, हनुवटीने. धागा तुटला हे बोटाने, शेठ आला हे मानेने. आणि शेठची पाठ वळली की त्याची चाल दोन पावलांत करून दाखवायची. पलीकडचा हसतो, पण हसूही ऐकू येत नाही. दात तेवढे दिसतात.

भिवंडीला भारताचं मँचेस्टर म्हणायची आपल्याला हौस. खऱ्या मँचेस्टरच्या परिसरातल्या, लँकेशायरच्या गिरण्यांतही हेच चालायचं. तिथल्या बायका ओठ आणि चेहरा ताणून, जवळजवळ आवाजाशिवायच बोलत. त्या बोलण्याला ‘मी-मॉ’ म्हणत. रॉचडेलच्या नॉर्मन इव्हान्सने ते रंगमंचावर नेलं आणि पुढे मँचेस्टरच्या लेस डॉसनने बाईचा वेष चढवून टीव्हीवर. मुष्टियुद्धात मोडलेल्या जबड्याचं डॉसनने भांडवल केलं. तोंड असं काही वाकडं करायचा की वाक्य पुरं व्हायची गरजच नसे.

आपल्याकडे या कुळीतला माणूस म्हणजे जॉनी लिव्हर. मूळ नाव जॉन प्रकाश राव जनुमाला, जन्म 1957 चा, आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या तेलुगू घरातला. भिवंडीच्या तेलुगूभाषक पद्मनगरात असते तशीच त्याची भाषा, फक्त वाढला धारावीत. शाळा सातवीपर्यंत. मग रस्त्यावर नटांच्या नकला करत, नाचत पेनं विकली आणि पुढे वडिलांच्या मागोमाग हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात जड ड्रम ढकलायला लागला. तिथे युनियनच्या एका कार्यक्रमात त्याने साहेबलोकांच्या नकला केल्या आणि तेव्हापासून कंपनीचं नावच त्याला चिकटलं.

मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीत हा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. साहेबाला तोंडावर काही सुनावलं तर नोकरी जाते. पण साहेब खुर्चीतून उठतो कसा, चष्मा सावरतो कसा, हे त्याच्याचसारखं करून दाखवलं तर तक्रार कशाची करणार? कामगाराला वरिष्ठाच्या अंगाचा अभ्यास करावाच लागतो. त्याचा मूड चालीवरून ओळखता आला नाही तर दिवस वाईट जातो. जॉनीने तो अभ्यास स्टेजवर मांडला, एवढंच.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. कल्याणजी-आनंदजींचे कार्यक्रम, 1982 मध्ये अमिताभबरोबरचा परदेश दौरा, 1993 मध्ये ‘बाजीगर’मधला विसराळू बाबूलाल. मधल्या काळात ‘हँसी के हंगामे’ ही कॅसेट पानाच्या ठेल्यांवरही वाजायची. अंगाने हसवणारा हा माणूस घरोघरी पोचला तो नुसत्या आवाजाने. चेहरा ऐकणाऱ्याने आपापला लावून घ्यायचा.

आताचे स्टँड-अपवाले हातात माइक धरून एकाच जागी उभे राहतात आणि स्वतःविषयी बोलतात. हुशार असतात, पण मला तासाभरात मान खाजवावीशी वाटते. जॉनीची मुलगी जेमी मात्र आशा भोसल्यांची नक्कल करते तेव्हा आवाज हुबेहूब लागतोच. मी पाहत असतो ते तिचे खांदे आणि बोटं.