धर्मग्राम : परक्यांचा मुक्काम



पेत्राच्या पहिल्या पत्राचे भाषांतर करताना ‘परोइकिया’ या ग्रीक शब्दापाशी माझी लेखणी थबकली. परक्या भूमीतला मुक्काम, असा त्याचा अर्थ. ‘पॅरिश’ अर्थात धर्मग्राम या शब्दाचे मूळ हेच. आणि आपण तर धर्मग्राम म्हणजे वाडवडिलांची मिरास समजून बसलो आहोत!

वसईचेच पाहा. नंदाखालचा पवित्र आत्म्याच्या नावाचा धर्मग्राम १५७३ सालचा. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीज सत्ताधीश निघून गेले. येथील भाविक मात्र आपल्या शेतीवाडीसह, सामवेदी आणि वाडवळी बोलींसह श्रद्धेत टिकून राहिले. या निष्ठेचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु याच वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जपानात परकेच होते. त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली, फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे ते दुभाषी झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रूसावर प्राणार्पण केले. (भाषांतराचे ओझे वाहणाऱ्या मला हे संत अधिक जवळचे वाटतात, ते या दुभाषीपणामुळे.)

आज वसईत दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबे राहावयास आली आहेत. त्यांच्यातील कोणी मिस्सेला येऊन शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद होताच कोणाशीही न बोलता निघून जाते. तुमच्याही धर्मग्रामात असे कोणी असेल. येत्या रविवारी त्याच्या शेजारी बसून, त्याच्या भाषेत, त्याचे नाव विचाराल काय?