बाजारगावाची मोजदाद

अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता आणि कारंजा-मालेगाववरून जाणारा जुना नागपूर-औरंगाबाद मार्ग एकमेकांना छेदतात तेथे शेलूबाजार वसले आहे. महसुली दफ्तरात शेजारच्या कोणत्याही खेड्याप्रमाणे तेही एक मौजे आहे; परंतु सोयाबीन आणि तूर घेऊन येणारा शेतकरी, दवाखान्यासाठी आलेली बाळंतीण आणि पुढच्या इयत्तेसाठी आलेला विद्यार्थी, जे रात्री येथे मुक्कामास नसतात, त्यांचाही भार हे गाव दिवसभर वाहत असते. जनगणना माणसाला त्याच्या राहत्या ठिकाणी मोजते, आणि ते योग्यच आहे; मात्र त्याच आकड्यावरून वाहतुकीची गरज ठरविणे म्हणजे विहिरीचे पाणी काठावरच्या घरांच्या संख्येवरून अजमावणे होय.

1943 साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांहून दूर असू नये, असे उद्दिष्ट ठरविले. बैलगाडीच्या त्या काळात अंतर हेच सोयीचे माप होते. पुढे 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने लोकसंख्येची अट घातली : सपाट प्रदेशात 500, डोंगराळ, आदिवासी वा वाळवंटी भागात 250. या योजनेने महसुली गावाऐवजी वस्ती हे एकक मानले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण मंगरुळपीर-मानोऱ्याच्या भागात बंजारा समाजाचे कित्येक तांडे मूळ गावठाणापासून दूर शिवारात आहेत, आणि गावाला रस्ता मिळाला म्हणून तांड्याला तो मिळतोच असे नाही. काळ्या मातीच्या मुलखात आषाढ-श्रावणात पांदणीतून चालून पाहिलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही.

तरीही रस्ता झाला म्हणजे दळणवळण झाले, हा समज उरतोच. जनगणनेच्या ग्रामनिर्देशिकेत गावी बससेवा आहे की नाही, नसल्यास ती 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10 किलोमीटरवर की त्याहून दूर, एवढे कळते. दिवसाला फेऱ्या किती आणि परतीची शेवटची गाडी केव्हा, हे कळत नाही. वास्तविक खेड्यातल्या माणसाचा सारा बेत या शेवटच्या गाडीवर अवलंबून असतो : ती लवकर निघणार असेल तर भाव पटो वा न पटो, माल देऊन मोकळे व्हावे लागते. प्रवासी कमी म्हणून फेरी बंद होते, उरलेले काळीपिवळीकडे वळतात, आणि मग येथे एस.टी.ला प्रवासीच नाहीत, असा निष्कर्ष निघतो.

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि शेलूबाजारला त्यावर चढण्या-उतरण्याचा मार्ग मिळाला. मुंबईकडे माल धाडणाऱ्या व्यापाऱ्याचा त्यात खरा लाभ आहे. तो मी कमी लेखत नाही. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना तेथे मज्जाव आहे, आणि त्या वेगाच्या रस्त्यावर तो रास्तच आहे. पण खेड्यातील बहुतेकांचे वाहन हेच असल्याने तांड्यापासून शेलूबाजारच्या चौकापर्यंतचे त्यांचे अंतर या महामार्गाने तसूभरही घटत नाही.

म्हणून बाजारगावाची गणना तेथे येणाऱ्यांवरून व्हावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. बाजाराच्या आणि इतर दिवशी, पेरणीच्या आणि सुगीच्या हंगामात कोणत्या वस्तीतून किती माणसे येतात आणि कशाने परततात, याची नोंद ग्रामपंचायती व आगार यांनी मिळून ठेवणे मुळीच अशक्य नाही. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या एस.टी. गाड्या मागास तालुक्यांत मुलींच्या शाळेची वेळ पाहून धावतात. तेथे गावाची शिरगणती नव्हे, मुलीचे घर ते शाळा हे अंतर प्रमाण मानले गेले. तोच न्याय रुग्णाला आणि बाजारकऱ्याला लावण्यास शासनाला नवा कायदा करावा लागणार नाही, वेळापत्रक मात्र नव्याने मांडावे लागेल.