काढून देणारी सिस्टर

बीड जिल्ह्यातल्या एका वाडीतून दसरा सरला की कोयते ऊसतोडीला निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल आधीच घरात खर्ची पडलेली असते, आणि बाई एक दिवस फडात उतरली नाही तर खाडा धरला जातो.

अशाच एका घरातल्या थोरल्या जावेला दुसऱ्या बाळंतपणात सरकारी दवाखान्यात तांबी बसवली. बाळंत झाल्यावर ४८ तासांच्या आत ती बसवता येते आणि दहा वर्षं काम देते. पहिले तीन ते सहा महिने पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकतं, ओटीपोट दुखू शकतं, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. निघायच्या तोंडावर ती उपकेंद्रात गेली.

"सिस्टर, मला नगं ही. काढा."

"अगं, आत्ताच तर बसवलीय. दहा वर्षांची वस्तू वाया घालवतेस? होईल सवय."

सिस्टर खोटं बोलत नव्हती. पुष्कळ जणींचा त्रास काही महिन्यांत खरंच कमी होतो. पण फडावर ना संडास, ना आडोसा; अंधारात उठायचं आणि दिवसभर डोक्यावर मोळ्या वाहायच्या. बीडच्या तोडकरी बायकांनी पाळीच्या त्रासापायी आणि खाड्याच्या धाकानं गर्भपिशव्या काढून घेतल्याचं २०१९ साली राज्यभर गाजलं. अशा फडावर निघालेल्या बाईला ‘होईल सवय’ हे उत्तर कसं पुरावं? थोरली पुन्हा गेली, तेच ऐकून परतली. शेवटी उचलीतले पैसे मोडून तिनं खासगीत तांबी काढून घेतली.

फडावर कोपीकोपीत बोलणं पसरलं : सरकारी तांबी एकदा घातली की काढत न्हाईत. बायका वाडीत परतल्यावर आशाताई तांबीसाठी दारोदार फिरली, पण एकही बाई तयार होईना. धाकट्या जावेनंही नकारार्थी मान हलवली. वर्षभरात तिला तिसऱ्यांदा दिवस गेले, नको असताना.

पुढं उपकेंद्रात नवी सिस्टर आली. शेजारच्या वस्तीवरची एक बाई तिच्याकडं तांबी काढायला आली.

"त्रास काय होतोय? थांबायचं असेल तर गोळ्या देते, उतार पडेल. थांबायचं नसेल तर आत्ता काढते."

"काढाच."

काही मिनिटांत काम झालं. मग सिस्टरनं अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनची माहिती दिली : दर तीन महिन्यांनी घ्यायचं, पाळी अनियमित होते किंवा थांबते, त्यानं अपाय नाही, बंद केल्यावर दिवस राहायला मात्र काही महिने लागतात. बाई म्हणाली, "सध्या कायबी नगं." सिस्टर रागावली नाही. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं शासनानं १९९६ सालीच रद्द केली, तरी मासिक बैठकीत तिला ‘किती बसवल्या’ एवढंच विचारलं गेलं. तिनं काढलेलीही सांगितली. अशी माणसं खात्यात असतात, आणि खातं त्यांच्यावरच उभं असतं.

ती बाई गावभर बोलली. धाकटी बाळंत झाल्यावर स्वतःहून आली.

"मी म्हनलं तर काढाल ना?"

"म्हणशील त्या दिवशी."

तेवढ्या शब्दावर तिनं तांबी बसवून घेतली. त्रास होईल हे आधीच ठाऊक असल्यानं पहिले महिने ती घाबरली नाही. थोरलीनं अंतरा घेतलं. पुढची तारीख तोडीच्या हंगामात येत होती, म्हणून कार्ड सोबत नेलं आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शन घेतलं. त्या हंगामाआधी वाडीतल्या आणखी काही जणी उपकेंद्राची पायरी चढल्या.

सरकारी दवाखान्यात तांबी बसवायला पैसे पडत नाहीत, काढायलाही पडत नाहीत. आशाताईंनो, सिस्टर, बायकांना यातलं पहिलं सांगताना दुसरंही सांगत जा.